डाउनलोड केलेली फाइल नोंदीलाच बांधून ठेवा: ऑर्ग-मोडमधल्या अटॅचमेंट पहिल्यापासून

साध्या मजकुराच्या नोंदी वर्षानुवर्षं टिकतात, कुठल्याही संगणकावर उघडतात. पण त्यांत फक्त अक्षरं मावतात. शासन निर्णयाची पीडीएफ, सातबारा, यंत्राचं माहितीपत्रक, स्कॅन केलेलं जुनं मासिक यांचा नोंदीत नुसता पत्ता येतो आणि फाइल दुसरीकडेच पडून राहते. घोळ इथूनच सुरू होतो. वेबचा पत्ता लिहिला तर संकेतस्थळाची नवी रचना झाली की दुवा मेला. डाउनलोड्स फोल्डरचा पत्ता लिहिला तर एका साफसफाईत फाइल गेली. नोंद शाबूत राहते आणि तिचा पुरावा हरवतो.

ईमॅक्स या मजकूर-संपादकात नोंदी लिहिण्यासाठी ऑर्ग-मोड आहे, आणि त्यात यावर चांगला उपाय आहे. कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ मध्ये ऑर्ग-मोड सुरू केलं, आज ते ईमॅक्सबरोबरच येतं. त्यातली अटॅचमेंटची सोय फाइल एखाद्या मथळ्याच्या ताब्यात देते. मग नोंद कुठेही हलवली तरी फाइल सापडते, पण त्यासाठी सुरुवातीची मांडणी नीट लागते. नवख्या माणसाची गाडी नेमकी मांडणीत अडते, म्हणून हा लेख मांडणीवर जास्त वेळ घेणार आहे.

एक सूचना आधीच. कळा, आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांत टाइप करायची. ‘मोठा’ असं म्हटलेलं नसेल तर लहान अक्षर समजा.

## काय काय लागेल

- ईमॅक्स २९ किंवा ३०. आवृत्ती २९ (२०२३) मध्ये ऑर्ग ९.६ आहे, ३० (२०२५) मध्ये ९.७. ऑल्ट-एक्स दाबून ‘ऑर्ग-व्हर्जन’ टाइप केलं की तुमच्याकडे कोणती आवृत्ती आहे ते खाली दिसेल.
- नोंदींसाठी एकच मुख्य फोल्डर. पुढे त्याला ‘नोंदी’ म्हटलं आहे. डिस्कवरचं खरं नाव रोमन ठेवा, कारण पायरी ३ मध्ये आहे.
- नेहमीचा ब्राउझर आणि त्यात सिंगलफाइल हे एक्स्टेन्शन, वेबपानं जपण्यासाठी.
- स्कॅन केलेल्या किंवा जुन्या फॉन्टमधल्या मराठी पीडीएफ बऱ्याच असतील तर ओसीआर करणारी, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणारी साधनं: ओसीआरमायपीडीएफ आणि टेसरॅक्टचा मराठी भाषासंच. सुरुवातीला याची गरज नाही.

## १. फाइली राहतील कुठे, हे आधी ठरवा

काहीही न बदलता पहिली फाइल जोडलीत, तर ऑर्ग दोन गोष्टी करतो. त्या मथळ्याला एक आयडी देतो (३६ चिन्हांची लांब ओळख), आणि ज्या फोल्डरमध्ये तुमची नोंदफाइल आहे तिथेच ‘डेटा’ नावाचा फोल्डर काढतो. त्यात आयडीच्या पहिल्या दोन अक्षरांचा एक फोल्डर, त्याच्या आत उरलेल्या आयडीचा दुसरा, आणि त्यात तुमची फाइल. मथळ्यापुढे ‘अटॅच’ असा टॅगही लागतो.

पाहायला हे विचित्र वाटतं, पण युक्ती चांगली आहे. मथळ्याचा मजकूर बदला, मथळा वरखाली करा, आयडी तोच राहतो आणि म्हणून फाइलचं ठिकाणही तेच राहतं.

फक्त ‘डेटा’ हा पत्ता सापेक्ष आहे: नोंदफाइल जिथे, तिथला ‘डेटा’. तुमच्या सगळ्या ऑर्ग फाइली एकाच फोल्डरमध्ये असतील तर अडचण नाही. पण ‘नोंदी’च्या आत शेती, घर, अभ्यास असे उपफोल्डर केलेत आणि शेतीतला एक मथळा रीफाइल करून घर या फोल्डरमधल्या फाइलमध्ये नेलात, तर मथळा जातो आणि फाइली मागे राहतात. ऑर्ग आता घरच्या ‘डेटा’मध्ये शोधतो, तिथे काहीच नसतं. चूक दाखवणारा संदेशही त्या वेळी येत नाही. काही महिन्यांनी फाइल उघडायला जावं तेव्हा हे कळतं.

म्हणून पहिली फाइल जोडण्याआधी हे करा:

१. ऑल्ट-एक्स दाबा, ‘कस्टमाइझ-ग्रुप’ टाइप करून एंटर, मग ‘ऑर्ग-अटॅच’ टाइप करून एंटर.
२. ‘ऑर्ग अटॅच आयडी डिर’ ही ओळ शोधा आणि तिच्या डाव्या टोकाचा छोटा त्रिकोण उघडा.
३. तिथे ‘डेटा’च्या जागी पूर्ण पत्ता द्या: टिल्डचं चिन्ह, तिरकी रेघ, नोंदी, तिरकी रेघ, डेटा. टिल्ड म्हणजे तुमचा होम फोल्डर, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर वापरकर्त्याचं नाव वेगळं असलं तरी पत्ता चालतो.
४. वरचं ‘अप्लाय अँड सेव्ह’ दाबा. नुसतं ‘अप्लाय’ दाबलंत तर ईमॅक्स बंद करेपर्यंतच बदल टिकतो.

आता सगळ्या नोंदफाइलींचा एकच कोठार आहे आणि रीफाइल कुठेही करता येईल.

आधीच काही फाइली जोडून झाल्या असतील तर जुन्या ‘डेटा’ फोल्डरांतलं सगळं या नव्या ‘डेटा’त हलवा, आतली फोल्डरांची रचना जशीच्या तशी ठेवून. आयडी एकमेकांपासून वेगळे असल्यामुळे फाइली एकमेकींवर पडत नाहीत.

## २. फाइल नीट उतरली का, हे जोडण्याआधी पाहा

कोठारात कचरा गेला की तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो. म्हणून जोडण्याआधी अर्धा मिनिट खर्च करा.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार असा. फाइलचं नाव पीडीएफचं, पण आत असतं लॉगिनचं पान किंवा ‘सेशन संपलं’ असा संदेश. सर्व्हरने पीडीएफऐवजी वेबपान पाठवलं आणि ते पीडीएफच्या नावाने जतन झालं. फाइल उघडून पाहणं हा सोपा उपाय. शंका असेल तर ईमॅक्समध्ये ऑल्ट-एक्स आणि ‘फाइंड-फाइल-लिटरली’ वापरून ती उघडा. खरी पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि पीडीएफ या तीन अक्षरांनी सुरू होते. सुरुवातीला कोनी कंस आणि एचटीएमएल दिसलं तर ती पीडीएफ नव्हेच.

आकारही पाहा. चाळीस पानांचं स्कॅन काही केबींतच उतरलं असेल तर डाउनलोड मध्येच तुटलं आहे.

वेबपान जपायचं असेल तर ब्राउझरचा ‘संपूर्ण वेबपान’ हा पर्याय टाळा. त्यातून एक एचटीएमएल फाइल आणि तिच्या जोडीला चित्रांचा फोल्डर अशा दोन वस्तू तयार होतात. जोडताना फोल्डर मागे राहतो आणि पान उघडं-बोडकं दिसतं. सिंगलफाइल सगळं एकाच एचटीएमएल फाइलमध्ये कोंबतं, चित्रांसकट. छापल्यासारखी पीडीएफ काढणं हा दुसरा मार्ग. लेख वाचण्यापुरता तो चांगला, पण घड्या घालून लपवलेला मजकूर आणि रुंद तक्ते त्यात कापले जातात. क्रोमची एमएचटीएमएल फाइलही एकसंध असते, पण फायरफॉक्स ती सरळ उघडत नाही. दहा वर्षांनी कोणता ब्राउझर हाताशी असेल हे सांगता येत नाही, म्हणून मी सिंगलफाइलच्या बाजूने.

डिजिटल स्वाक्षरीचे कागद, उदाहरणार्थ महाभूमीवरून घेतलेला डिजिटल सातबारा, जसे उतरले तसेच ठेवा. ‘प्रिंट करून पीडीएफ’ केलं की दिसायला कागद तोच राहतो, पण स्वाक्षरी पडताळता येत नाही. ओसीआर चालवलं तरी तेच. असा कागद वाचनीय करायचाच असेल तर वेगळी प्रत काढा आणि मूळ फाइलीला हात लावू नका.

## ३. नाव द्या, आणि मराठी नावांचा सापळा ओळखा

नाव फाइल जोडण्याआधी बदला. जोडल्यावर बदललंत तर नोंदीतले दुवे हाताने दुरुस्त करावे लागतील.

माझी शिफारस स्पष्ट आहे: मथळा मराठीत, फाइलचं नाव रोमन अक्षरांत, छोटं. मराठीवर प्रेम असणाऱ्याला हे खटकेल, पण कारणं तांत्रिक आहेत आणि ती मराठी लिहिणाऱ्यालाच सर्वांत जास्त चावतात.

पहिलं कारण लांबीचं. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट-४ फाइलव्यवस्थेत फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. ‘शासन निर्णय’ एवढ्याला ३१ बाइट लागतात. साधारण ८३ चिन्हांत नाव संपतं, आणि शासन निर्णयाचं पूर्ण शीर्षक त्यात क्वचितच बसतं. वेबच्या पत्त्यात तर हेच एकेक चिन्ह नऊ अक्षरांचं होतं: नुसतं ‘शासन’ म्हणजे टक्क्याची चिन्हं आणि आकडे यांची ३६ अक्षरी माळ. पत्त्यावरून थेट उतरवलेल्या मराठी नावाच्या फाइलीला हीच माळ नाव म्हणून मिळू शकते.

दुसरं कारण आणखी मराठी आहे: ‘ऱ्य’. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द संगणकात तीन प्रकारे साठवलेला सापडतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त. दोन, साधा ‘र’, त्याला नुक्ता, मग हलन्त. तीन, ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना तिन्ही सारखे, संगणकाला तीन वेगळे शब्द. पहिले दोन युनिकोडच्या नियमाने समान मानले जातात आणि मॅकची जुनी फाइलव्यवस्था पहिल्याचं रूपांतर आपणहून दुसऱ्यात करत असे. ती फाइल पेनड्राइव्हवरून लिनक्सवर आणली की नोंदीतला दुवा म्हणतो फाइल नाही, फोल्डरमध्ये ती डोळ्यांसमोर असते, आणि माणूस चक्रावतो. तिसरा प्रकार जुन्या मराठी मजकुरात भरपूर आहे आणि तो कोणत्याही नियमाने पहिल्याशी जुळत नाही.

नावाचा साचा असा ठेवा: तारीख (वर्ष, महिना, दिवस), आडवी रेघ, एक-दोन ओळखीचे शब्द. तारीख कागदाची घ्या, उतरवल्याची नको. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांसाठी तर तयार ओळख मिळते. निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे तारखेचेच असतात. तो संकेतांकच नाव म्हणून वापरा. तारखेप्रमाणे क्रम लागतो, आणि दुवा मेला तर त्याच आकड्याने निर्णय पुन्हा शोधता येतो.

मोकळ्या जागा, तिरक्या रेघा, अपूर्णविराम नावात नकोत. विंडोज अपूर्णविराम घेतच नाही.

## ४. फाइल जोडा

नोंदफाइल उघडा आणि कर्सर योग्य मथळ्यावर न्या. फाइल कर्सर ज्या मथळ्याखाली आहे त्याला जोडली जाते, स्क्रीनवर जो दिसतोय त्याला नव्हे. उपमथळ्यात कर्सर असेल तर उपमथळ्याला. हे घाईत हमखास चुकतं.

मग कंट्रोल-सी, कंट्रोल-ए. एक यादी उघडते, त्यातलं एक अक्षर दाबायचं. रोज लागणारी ही:

- एम: फाइल हलवा. डाउनलोड्समधून उचलून कोठारात ठेवतो.
- सी: प्रत काढा. मूळ जागी राहते.
- यू: वेबच्या पत्त्यावरून थेट उतरवून जोडा.
- ओ: जोडलेली फाइल उघडा. मोठा ओ ती ईमॅक्सच्याच आत उघडतो.
- एफ: कोठारातला फोल्डर संगणकाच्या नेहमीच्या खिडकीत दाखवा.
- डी: एक फाइल काढून टाका. मोठा डी सगळ्या काढतो, जपून.
- झेड: ताळमेळ. हाताने फोल्डरमध्ये फाइली टाकल्या किंवा काढल्या असतील तर टॅग त्याप्रमाणे दुरुस्त होतो.

ए दाबलं तर ठरलेल्या पद्धतीने फाइल जोडली जाते आणि मुळात ती पद्धत प्रत काढण्याची आहे. डाउनलोड केलेल्या फाइलींसाठी मात्र ‘एम’ची सवय लावा. प्रत काढली की तीच फाइल दोन ठिकाणी राहते, कोणती खरी हे पुढे कळत नाही, आणि ब्राउझर पुढच्या वेळी नावामागे कंसात एक, कंसात दोन लावत सुटतो. ‘एम’ वापरलं की डाउनलोड्स रिकामं होत जातं, आणि तिथे उरलेलं म्हणजे अजून न जोडलेलं, अशी आपोआप खूण मिळते.

यादीत एल (हार्ड लिंक) आणि वाय (सिमलिंक) हेही आहेत. नवख्यांनी दोन्ही टाळावेत. सिमलिंक नुसता बाण आहे, मूळ फाइल पुसली की हाती काही उरत नाही, आणि विंडोजवर त्यासाठी विशेष परवानगीही लागते. हार्ड लिंक म्हणजे त्याच फाइलीला दुसरं नाव, ती एकाच डिस्क-विभागात चालते, पेनड्राइव्हवरच्या फाइलीला लावता येत नाही.

जोडताना ‘फाइल आधीच आहे’ असा नकार आला तर त्या मथळ्याखाली त्याच नावाची फाइल आहे. कित्येक संकेतस्थळं प्रत्येक फाइलीला ‘डाउनलोड’ हेच नाव देतात, त्यामुळे हे घडतंच. पायरी ३ केली असेल तर ही अडचण येणार नाही.

### ‘यू’ कधी वापरायचा, कधी नाही

पत्ता दिला की फाइल सरळ नोंदीत, हे ऐकायला फार छान आहे. पण मर्यादा नीट समजून घ्या.

ईमॅक्सला तुमच्या ब्राउझरमधलं लॉगिन माहीत नसतं. बँक, ग्रंथालयाचं सदस्यत्व, कॅप्चा भरून मिळणारे सरकारी उतारे, यांचा पत्ता ‘यू’ला दिलात तर ईमॅक्स परक्यासारखा दारात उभा राहतो आणि लॉगिनचं पान घेऊन परत येतो. पायरी २ मधली खोटी पीडीएफ बऱ्याचदा इथूनच येते.

दुसरं, फाइलचं नाव तो पत्त्याच्या शेवटच्या तिरक्या रेघेनंतरच्या तुकड्यावरून घेतो. पत्ता प्रश्नचिन्ह आणि आकड्यांनी संपत असेल तर फाइलचं नावही तसलंच होतं, शेवटी पीडीएफ नसतं, आणि मग ‘ओ’ दाबल्यावर ती कशात उघडायची हे संगणकाला समजत नाही.

म्हणून नियम सोपा ठेवा. पत्ता लॉगिनशिवाय उघडतो आणि स्वच्छ फाइलनावाने संपतो, तरच ‘यू’. एरवी ब्राउझरने उतरवा, नाव द्या, ‘एम’ने जोडा. ऑर्ग ९.६ पासून ‘यू’ वापरताना ही वस्तू आणू का असा प्रश्न येतो. ओळखीची जागा असेल तर ‘वाय’ म्हणजे होय, ‘एन’ म्हणजे नाही. बाकीचे पर्याय ती वस्तू, ते संकेतस्थळ किंवा ती नोंदफाइल कायमची विश्वासू ठरवतात, घाईत ते दाबू नका.

### देवनागरी कळफलक चालू असताना कळा का चालत नाहीत

मराठीत टाइप करताना कंट्रोल-सी, कंट्रोल-ए दाबलं आणि काहीच झालं नाही, तर ईमॅक्स बिघडलेला नाही. संगणकाचा इन्स्क्रिप्ट कळफलक चालू असतो तेव्हा ईमॅक्सला ‘सी’च्या जागी देवनागरी अक्षर पोचतं आणि अशा नावाची आज्ञा त्याच्याकडे नसते. दर वेळी कळफलक बदलत बसण्यापेक्षा संगणकाचा कळफलक इंग्रजीच ठेवा आणि मराठी ईमॅक्सच्या आतून लिहा: कंट्रोल-बॅकस्लॅश दाबा, पहिल्या वेळी नाव विचारेल तेव्हा ‘देवनागरी-इन्स्क्रिप्ट’ टाइप करा. पुढे तीच कळ मराठी चालू-बंद करते. या पद्धतीत मजकूर मराठीत उमटतो आणि कंट्रोलच्या कळा जशाच्या तशा चालतात.

## ५. मजकुरात दुवा घाला

फाइल जोडली गेली, पण नोंदीच्या मजकुरात तिचा उल्लेख अजून नाही. कर्सर हव्या त्या वाक्यात न्या, कंट्रोल-सी, कंट्रोल-एल दाबा, दुव्याचा प्रकार ‘अटॅचमेंट’ निवडा, फाइल निवडा, मग दिसायचं नाव मराठीत लिहा. मजकुरात ते मराठी नाव दिसेल, त्यामागे रोमन फाइलनाव असेल. फाइलचं नाव रोमन ठेवल्याची बोच इथे संपते.

दुव्याचा प्रकार ‘फाइल’ नको, ‘अटॅचमेंट’च हवा. ‘फाइल’ दुव्यात फाइलचा मार्गच लिहिला जातो. कोठार हललं की असे सगळे दुवे मोडतात. ‘अटॅचमेंट’ दुव्यात फक्त फाइलचं नाव असतं आणि ठिकाण ऑर्ग मथळ्याच्या आयडीवरून काढतो. याचाच अर्थ तो दुवा त्याच मथळ्याखाली चालतो. वाक्य कापून दुसऱ्या मथळ्याखाली चिकटवलंत तर तो तिथे फाइल शोधेल आणि ती सापडणार नाही.

ईमॅक्स नुकताच उघडला असताना दुव्यावर टिचकी मारली आणि ‘असं काही सापडलं नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर अटॅचमेंटचा भाग अजून लोड झालेला नसण्याची शक्यता असते. एकदा कंट्रोल-सी, कंट्रोल-ए दाबून क्यूने बाहेर या आणि पुन्हा टिचकी मारा. कायमचा उपाय म्हणजे इनिट फाइलमध्ये (ईमॅक्स सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाइल) एक ओळ: कंसात ‘रिक्वायर’, मोकळी जागा, एकेरी अवतरणचिन्ह आणि लगेच ‘ऑर्ग-अटॅच’.

जोडलेलं चित्र नोंदीतच दिसायला हवं असेल तर कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-व्ही. दुव्याला मराठी नाव दिलेलं असेल तर या कळेने चित्र दिसत नाही. चित्रांसाठी नाव न देता नुसता दुवा ठेवा.

## ६. फाइल कुठून आली, ते लिहा

ही पायरी लोक सोडतात आणि नंतर सगळ्यात जास्त याचीच किंमत मोजतात. फाइलीच्या आत तिचा पत्ता नसतो. दोन वर्षांनी तीच फाइल कुणाला दाखवायची असेल, तर ती कुठल्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर होती, त्यानंतर सुधारित आली का, हे नुसत्या पीडीएफवरून कळत नाही.

मथळ्यावर कर्सर ठेवून कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, मग पी. गुणधर्माचं नाव विचारेल. तीन पुरेत:

- स्रोत: फाइल ज्या पानावर होती त्या पानाचा पत्ता. थेट फाइलचा पत्ता असेल तर तोही, पण पानाचा आधी. फाइलचे पत्ते लवकर बदलतात आणि पान सापडलं तर त्यावरून नवा पत्ता मिळतो.
- उतरवली: तारीख.
- प्रत: इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या पानाची प्रत साठवली असेल तर तिचा पत्ता. सार्वजनिक कागदासाठी हे जरूर करा. लॉगिनमागच्या किंवा खाजगी कागदासाठी नाही.

एका मथळ्याखाली पाच वेगवेगळ्या ठिकाणच्या फाइली असतील तर गुणधर्मांत सगळं मावत नाही. तेव्हा प्रत्येक फाइलीला स्वतःचा उपमथळा द्या. थोडं पसरट दिसतं, पण एक फाइल, एक मथळा, एक स्रोत ही जोडी शेवटपर्यंत स्वच्छ राहते. कस्टमाइझमध्ये अटॅचमेंटचा वारसा चालू केलेला असेल तर मात्र उपमथळ्यातून जोडलेली फाइल वरच्या मथळ्याच्या फोल्डरमध्ये जाते. ‘ऑर्ग अटॅच यूझ इनहेरिटन्स’ला हात लावला नसेल आणि गुणधर्मांचा वारसाही चालू केला नसेल तर चिंता नाही.

## ७. शोधता येईल असं करा

नोंदी साध्या मजकुरात ठेवण्याचा मोठा फायदा शोधाचा, आणि पीडीएफ जोडली की तो तिथे थांबतो. मराठीत तर दुहेरी अडचण. स्कॅनमध्ये अक्षरं नसतात, चित्र असतं. आणि जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेल्या पीडीएफमध्ये दिसायला देवनागरी, पण मजकूर कॉपी करून पाहा: रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी येते. अशा फाइलीत ‘अनुदान’ शोधून काहीच मिळणार नाही.

स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे मथळ्याखाली दोन-तीन ओळी स्वतः लिहिणं: विषय, विभाग, तारीख, महत्त्वाचे आकडे, आणि पुढे ज्या शब्दांनी तुम्ही शोधाल ते शब्द. ‘ऱ्य’ असलेला शब्द असेल तर त्याच अर्थाचा दुसराही एक लिहा.

भारी उपाय ओसीआरचा. ओसीआरमायपीडीएफला भाषा म्हणून एम-ए-आर सांगितलं की तो टेसरॅक्टच्या मदतीने स्कॅनमागे मराठी अक्षरांचा थर घालतो. जुन्या फॉन्टच्या पीडीएफवर मात्र तो थांबतो, कारण त्याच्या मते पानावर मजकूर आधीच आहे. तिथे ‘फोर्स-ओसीआर’ हा पर्याय द्यावा लागतो. ओळख शंभर टक्के नसते, जोडाक्षरं आणि आकडे चुकतात. शोधासाठी ती पुरते, पण रक्कम किंवा गट क्रमांक त्यातून उचलू नका. मूळ फाइल ठेवून ओसीआरची प्रत त्याच मथळ्याला वेगळ्या नावाने जोडा.

## ८. काढून टाकताना आणि हलवताना

मथळा पुसला की फाइल पुसली जात नाही. ती कोठारात अनाथ राहते आणि आयडीच्या फोल्डरवरून ती कशाची हे समजत नाही. मथळा पुसायचा असेल तर आधी कंट्रोल-सी, कंट्रोल-ए आणि मोठा डी, मग मथळा. संग्रहात टाकलेल्या मथळ्यांच्या फाइली ऑर्ग आपणहून पुसत नाही, आणि तेच बरं आहे.

मथळ्याची नक्कल करतानाही सावध राहा. कॉपी-पेस्ट केला की आयडीसुद्धा जातो, दोन मथळे एकाच फोल्डरवर हक्क सांगतात, आणि एकातून पुसलेली फाइल दुसऱ्यातूनही जाते. नकलेतली आयडीची ओळ लगेच काढून टाका.

एखाद्या मोठ्या कामाच्या फाइली इतरांनाही द्यायच्या असतील, म्हणजे आयडीच्या नावाचे फोल्डर सोयीचे नसतील, तर यादीतलं एस वापरून त्या मथळ्याला ओळखीच्या नावाचा फोल्डर नेमून देता येतो. आधी जोडलेल्या फाइली तिथे न्यायच्या का हे तो विचारतो. हा अपवादच ठेवा, कारण तो फोल्डर सांभाळणं मग तुमच्याकडे येतं.

## ९. बॅकअप

ऑर्ग फाइली आणि ‘डेटा’ फोल्डर यांची प्रत एकाच वेळी, एकत्र घ्या. पायरी १ प्रमाणे दोन्ही ‘नोंदी’च्या आत असतील तर तो एक फोल्डर उचलला की झालं. फक्त डॉट-ऑर्ग फाइलींची प्रत घेणारा बॅकअप अटॅचमेंटच्या बाबतीत निरुपयोगी आहे.

फाइलींच्या आवृत्त्या जपणारं गिट वापरत असाल तर मजकुरासाठी ते उत्तम, पण मोठ्या पीडीएफ त्यात टाकू नका. गिट इतिहासातली प्रत्येक आवृत्ती जपतं, म्हणून पुसलेलं ५० एमबीचं स्कॅनही भांडारात राहतं, आणि गिटहब १०० एमबीवरची फाइल स्वीकारतच नाही. ‘डेटा’ला गिटच्या दुर्लक्ष-यादीत घाला आणि तो बाहेरच्या डिस्कवर किंवा सिंकथिंगने (दोन संगणकांवरचे फोल्डर एकसारखे ठेवणारं साधन) सांभाळा. सातबारा, आधार, बँकेचे कागद कोठारात असतील तर सार्वजनिक भांडारात ते चुकूनही जाणार नाहीत, हाही फायदा.

पहिला बॅकअप झाला की तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. तिथल्या ईमॅक्समध्ये पायरी १ मधला कोठाराचा पत्ता द्यावा लागेल, सेटिंग नोंदींबरोबर येत नाही. मग कुठलेही तीन मथळे घ्या, प्रत्येकावर कंट्रोल-सी, कंट्रोल-ए, ओ. तिन्ही फाइली उघडल्या तर मांडणी बरोबर आहे. एखादी उघडली नाही तर ती जुन्या सापेक्ष ‘डेटा’त राहून गेली असण्याची शक्यता आहे. नोंदफाइलीच्या शेजारच्या फोल्डरात पाहा आणि तिथून कोठारात हलवा.